वाय गुणसूत्राच्या चाचणीतून पितृवंशाचा माग: प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष काढण्यापर्यंत

वाय गुणसूत्राची चाचणी करून घेणाऱ्या बहुतेकांची अपेक्षा अशी असते की अहवाल हाती पडला की पूर्वजांची नावे, निदान त्यांचा मूळ प्रदेश तरी, त्यात सापडेल. प्रत्यक्षात हाती येते ती आकड्यांची एक यादी आणि ‘आर-एम१९८’ किंवा ‘एच-एम८२’ यांसारखे एखादे सांकेतिक नाव. या आकड्यांना स्वतःचा असा अर्थ जवळजवळ नसतो; दुसऱ्या एखाद्या पुरुषाच्या आकड्यांशेजारी ठेवले की मगच त्यातून काही कळू लागते. म्हणजेच ही चाचणी हे तुलनेचे साधन आहे, आणि तुलना कोणाशी करायची हे ज्याने आधी ठरवलेले नाही, त्याचे पैसे बहुधा वाया जातात. पुढील पायऱ्या त्या दृष्टीने मांडल्या आहेत.

चाचणी नेमके काय मोजते

वाय गुणसूत्र वडिलांकडून फक्त मुलाकडे जाते. इतर गुणसूत्रांच्या जोड्यांमध्ये प्रत्येक पिढीत देवाणघेवाण होते. वाय गुणसूत्राची दोन्ही टोके सोडली तर उरलेला मोठा भाग अशा सरमिसळीपासून अलिप्त राहतो. त्यामुळे बापापासून मुलाकडे जाताना तो जवळजवळ जशाच्या तसा उतरतो, आणि ‘जवळजवळ’ या शब्दावरच ही सारी पद्धत उभी आहे. सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरांच्या (म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांच्या) या गुणसूत्राची नक्कल होताना क्वचित एखादी चूक होते, ती पुढच्या सर्व मुलगे-नातवांत उतरते, आणि अशा चुकांवरून कोणती शाखा कोठे फुटली हे ओळखता येते. या गुणसूत्राचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा सलग क्रम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, यावरून त्यातील पुनरावृत्त भाग वाचणे किती अवघड होते याची कल्पना येईल.

चाचणीत दोन प्रकारचे बदल पाहिले जातात. पहिला प्रकार एसटीआर: ठरावीक जागी काही अक्षरांचा एक छोटा तुकडा लागोपाठ किती वेळा आला आहे याची मोजणी. डीवायएस३९३ या जागी १३ असे लिहिलेले असेल, तर तेथे चार अक्षरांचा तुकडा १३ वेळा आला आहे. हा आकडा पिढ्यांच्या ओघात एकाने वाढू किंवा कमी होऊ शकतो आणि पुन्हा पूर्ववतही होऊ शकतो. दुसरा प्रकार एसएनपी: एका जागचे एकच अक्षर बदलणे. हा बदल उलटण्याची शक्यता अत्यल्प असल्यामुळे वंशवृक्षाच्या फांद्या एसएनपीवर ठरतात, तर एसटीआरचा उपयोग जवळच्या काळातील नात्यांचा अंदाज घेण्यासाठी होतो.

एक मर्यादा सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात, आणि वाय गुणसूत्र त्यांपैकी एकाच जागेविषयी बोलते. तेवढ्या एका रेषेवरून ‘आपण अमुक लोकांचे’ असे जाहीर करणे हे उरलेल्या १,०२३ जणांवर अन्याय करण्यासारखे आहे.

पहिली पायरी: उत्तर देता येईल असा प्रश्न

‘आपण मूळचे कुठले’ हा प्रश्न या चाचणीसाठी फार ढोबळ आहे. ‘एकच आडनाव असलेली ही दोन घराणी एका पूर्वजापासून आली आहेत का’, ‘आजोबांच्या वडिलांचे नाव कागदात नाही, ते अमुक कुटुंबातले असावेत का’, ‘दत्तक गेलेल्या पणजोबांचे जन्मदाते कोणत्या घरातले’ हे प्रश्न चांगले, कारण त्यांचे उत्तर हो किंवा नाही असे येऊ शकते आणि तुलनेसाठी कोणाचा नमुना हवा हेही त्यांतूनच ठरते.

असा प्रश्न कसा बांधावा आणि त्याच्या उत्तराची हद्द कोठे असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याविषयीची १९९८ मधील तपासणी. जेफरसन यांच्या गुलामगिरीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे वडील जेफरसनच होते का, असा तो वाद होता. जेफरसन यांचा एकही औरस मुलगा प्रौढ वयापर्यंत जगला नव्हता, म्हणून संशोधकांनी त्यांच्या काकांच्या, म्हणजे फील्ड जेफरसन यांच्या, पुरुषवंशातील जिवंत व्यक्तींचे नमुने घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुषवंशजाशी ते जुळले; जेफरसनपुत्र म्हणून परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या थॉमस वुडसन याच्या वंशजांशी जुळले नाहीत. मात्र तेच गुणसूत्र थॉमस यांचे बंधू रँडॉल्फ आणि त्यांचे मुलगे यांच्याकडेही असणार होते. एस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला होता एवढेच चाचणीने सांगितले. त्या घराण्यातला नेमका कोण, हे ठरवायला सॅलीच्या गर्भधारणांच्या काळात थॉमस घरी होते हे दाखवणाऱ्या नोंदींची मदत घ्यावी लागली. घराणे चाचणी सांगते, माणूस कागद सांगतो. हे विभाजन जवळजवळ प्रत्येक शोधात कायम राहते.

दुसरी पायरी: कागदावरचा पितृवंश

नमुना देण्यापूर्वी मुलगा, बाप, आजोबा, पणजोबा अशी सरळ रेषा लिहून काढावी आणि प्रत्येक दुव्यापुढे त्याचा पुरावा नोंदवावा: जन्मनोंद, जमिनीचा कागद, मृत्युनोंद की केवळ घरात ऐकलेली गोष्ट. पुरावा कच्चा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. दत्तक, सावत्र वडिलांचे आडनाव लावणे, आडनाव बदलणे, आईकडचे आडनाव चालवणे या गोष्टींची विशेष नोंद घ्यावी, कारण पुढे न जुळणाऱ्या निकालाचे साधे स्पष्टीकरण बहुधा त्यांतच सापडते. ही रेषा जेथे संपते तो पूर्वज म्हणजे शोधाचा आरंभबिंदू होय.

तिसरी पायरी: नमुना कोणाचा घ्यायचा

स्त्रियांकडे वाय गुणसूत्र नसते, त्यामुळे माहेरच्या पितृवंशाचा शोध घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने वडील, सख्खा भाऊ, काका, चुलतभाऊ किंवा भावाचा मुलगा यांपैकी कोणाला तरी विनंती करावी. आईच्या वडिलांचा वंश हवा असेल तर नमुना मामाचा किंवा मामेभावाचा लागतो. आत्येभाऊ आणि मावसभाऊ या कामी चालत नाहीत. त्यांचे वाय गुणसूत्र त्यांच्या वडिलांकडून, म्हणजे दुसऱ्याच घराण्यातून आलेले असते. ही चूक अनुभवी मंडळींकडूनही होते.

घरातील सर्वांत वडीलधाऱ्या पुरुषाचा नमुना प्रथम घ्यावा. तो एक पिढी मागे आहे एवढेच त्याचे कारण नाही. तो नमुना नंतर मिळणार नाही हे खरे कारण आहे.

त्यानंतर दुसरा माणूस निवडायचा, आणि माझ्या मते संपूर्ण शोधात याहून महत्त्वाचा निर्णय नाही. दोन सख्ख्या भावांची चाचणी केल्याने माहिती फारशी वाढत नाही. त्याऐवजी ज्या सर्वांत जुन्या पूर्वजाविषयी कागदी पुरावा आहे, त्याच्या दुसऱ्या मुलाच्या वंशातील एखादा दूरचा भाऊबंद गाठावा. समजा, त्या पूर्वजापासून आपल्यापर्यंत चार दुवे आहेत आणि त्या भाऊबंदापर्यंतही चार; दोघांचे नमुने चांगले जुळले तर आठही दुवे एकाच वेळी पक्के होतात आणि त्या पूर्वजाचे वाय गुणसूत्र साधारण कसे होते हेही कळते.

जुळले नाही तर? इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या बाबतीत नेमके हेच झाले. लेस्टर शहरातील वाहनतळाखाली २०१२ मध्ये सापडलेल्या सांगाड्याची ओळख मातृवंशाच्या डीएनएवरून पटली, परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचे वाय गुणसूत्र बोफर्टच्या पाचव्या ड्यूकच्या पाच जिवंत पुरुषवंशजांपैकी एकाशीही जुळले नाही. कागदोपत्री हे सर्वजण राजा तिसरा एडवर्ड याच्या पुरुषवंशातले. त्या पाचांपैकी चौघे एकमेकांशी जुळले आणि पाचवा त्यांच्याहूनही वेगळा निघाला. म्हणजे एक दुवा अलीकडच्या काळात तुटला होता, आणि दुसरा रिचर्ड व तो ड्यूक यांच्यामधल्या १९ दुव्यांपैकी कोठेतरी. दोन टोकांचे नमुने ‘तुटले आहे’ एवढेच सांगतात. कोठे तुटले ते मधल्या फांद्यांवरील माणसांची चाचणी केल्याशिवाय समजत नाही.

चौथी पायरी: संमती आणि गोपनीयता

हा भाग कंटाळवाणा वाटतो, तरी तो नमुन्यापूर्वीच उरकावा. बाप म्हणून नोंदलेला पुरुष जैविक बाप नसण्याचे प्रमाण युरोपातील अनेक समाजांच्या अभ्यासांत दर पिढीला सुमारे एक टक्का आढळले आहे. आकडा लहान वाटतो. पण दहा पिढ्यांच्या रेषेत कोठेतरी असा एखादा तुटलेला दुवा असण्याची शक्यता त्यामुळे दहा टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून चाचणी देणाऱ्याला आधीच विचारावे की असे काही निघाल्यास ते त्याला कळवायचे का, आणि इतर कोणाला कळवायचे. एका माणसाचा निकाल त्याच्या सर्व भावांना, काकांना आणि मुलग्यांना लागू होतो, हेही त्याला समजावून सांगावे. संमती लेखी घ्यावी आणि त्याच्या पश्चात नमुन्याचा निर्णय कोण घेईल हे त्यातच लिहून ठेवावे.

कंपनीच्या अटींमध्ये तीन गोष्टी शोधाव्यात: पोलिस तपासासाठी तुलना करू दिली जाते का आणि ती बंद ठेवता येते का, नमुना नष्ट करून घेता येतो का, आणि कंपनी विकली गेल्यास माहितीचे काय होते. हे प्रश्न काल्पनिक नाहीत. २३अँडमी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुळणाऱ्या माणसांना दिसणाऱ्या यादीत स्वतःच्या नावाऐवजी आद्याक्षरे ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिचा वापर करण्यास हरकत नाही.

पाचवी पायरी: चाचणीची निवड

बाजारात तीन पातळ्या आहेत. सर्वसाधारण वंशचाचणीसोबत काही कंपन्या वाय हॅप्लोग्रुपचे, म्हणजे वंशवृक्षावरील मोठ्या फांदीचे, नाव देतात. ते ढोबळ असते आणि त्यावरून नातेवाईक सापडत नाहीत. दुसरी पातळी एसटीआरची, ३७ किंवा १११ मार्करांची, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेल्या जागांची. तिसरी पातळी म्हणजे वाय गुणसूत्राच्या वाचता येण्याजोग्या भागाचे सलग वाचन. २००० मध्ये सुरू झालेल्या फॅमिली ट्री डीएनए या कंपनीची ‘बिग वाय’ चाचणी या प्रकारची आहे, आणि तुलनेसाठी लागणारा वाय चाचण्यांचा सर्वांत मोठा साठाही याच कंपनीकडे आहे. संपूर्ण जनुकसंच वाचून घेतला असल्यास त्यातील वाय गुणसूत्राची फाइल वायफुलसारख्या विश्लेषण सेवेकडे पाठवता येते.

दोन ठरावीक पुरुषांचे नाते तपासायचे असेल तर दोघांचे ३७ मार्कर सुरुवातीला पुरेसे आहेत. जुळले, की प्रत्येक शाखेतून एकाचे सलग वाचन करून घ्यावे. तुलनेला कोणीच नसून साठ्यातून भाऊबंद शोधायचे असतील तर थेट सलग वाचनाकडे जाणे दीर्घकालात स्वस्त पडते. केवळ १२ मार्करांच्या जुन्या निकालांवर काहीही उभारू नये.

सहावी पायरी: नमुना देणे

नमुना गालाच्या आतील बाजूचा असतो. त्याआधी तासभर खाणे, पिणे, धूम्रपान, च्युइंगम टाळावे. स्वॅबचे टोक बोटांनी न धरता गालाच्या आतील भागावर सुमारे मिनिटभर चांगले घासावे. हलकेच फिरवून भागत नाही, कारण थुंकी नव्हे तर पेशी हव्या असतात. दुसरा स्वॅब दुसऱ्या गालावर वापरावा. वयस्कर माणसांचे तोंड कोरडे असल्यास नमुना अपुरा पडण्याची शक्यता असते, तेव्हा घाई करू नये. एकाच दिवशी दोघांचे नमुने घेतले जात असतील तर पहिल्याची नळी बंद करून, तिच्यावर नाव व क्रमांक लिहूनच दुसऱ्याचे पाकीट उघडावे. उरलेला नमुना प्रयोगशाळेने साठवून ठेवावा असा पर्याय निवडल्यास पुढची चाचणी त्याच नमुन्यावर करता येते, आणि वडीलधाऱ्यांच्या बाबतीत हीच सोय अनेकदा शोध वाचवते.

सातवी पायरी: एसटीआरचा निकाल वाचणे

निकालाच्या तक्त्यात एका ओळीत मार्करांची नावे आणि खाली आकडे असतात. दोन पुरुषांचे तक्ते शेजारी ठेवून जेथे आकडे वेगळे आहेत तेथील फरकांची बेरीज करतात. तिला जनुकीय अंतर म्हणतात. फॅमिली ट्री डीएनएच्या यादीत ३७ मार्करांवर अंतर ४ पर्यंत, ६७ वर ७ पर्यंत आणि १११ वर १० पर्यंत असेल तरच माणूस दिसतो.

समजा, दोन भाऊबंदांचे ३७ पैकी ३५ मार्कर सारखे आहेत. डीवायएस५७६ या जागी एकाचे १८ आणि दुसऱ्याचे १७, तर सीडीवायच्या एका जागी ३७ आणि ३८. अंतर २ झाले. या दोन्ही जागा चटकन बदलणाऱ्या म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे हे अंतर फारसे चिंताजनक नाही. हेच दोन फरक डीवायएस४२६ आणि डीवायएस३८८ या अतिशय सावकाश बदलणाऱ्या जागी असते, तर नाते बरेच दूरचे समजावे लागले असते. या ३७ मार्करांच्या संचात मिळून साधारण पाच-सहा पिढ्यांत एक बदल अपेक्षित असतो. दोघांचा समान पूर्वज पाच पिढ्या मागे असेल तर दोन्ही बाजूंच्या मिळून दहा पिढ्या होतात आणि दोनच्या आसपास फरक पडणे स्वाभाविक ठरते. अर्थात ही सरासरी झाली. सख्ख्या भावांत एक फरक निघू शकतो आणि आठ पिढ्यांच्या अंतरावरील दोघे तंतोतंत सारखेही निघू शकतात, म्हणून अंतरावरून पिढ्यांचा नेमका आकडा काढू नये.

डीवायएस३८९चे दोन आकडे असतात आणि दुसऱ्यात पहिला अंतर्भूत असतो. एकाचे १३ व २९, दुसऱ्याचे १४ व ३० असल्यास फरक दोन नव्हे, एकच आहे. तसेच डीवायएस४६४सारख्या, गुणसूत्रावर अनेक प्रती असलेल्या जागी एकाच घटनेत दोन-तीन आकडे एकदम बदललेले दिसतात. तेही एकच पाऊल धरणे योग्य.

आठवी पायरी: हॅप्लोग्रुपचा अर्थ

एसटीआर चाचणीत मिळणारे हॅप्लोग्रुपचे नाव हा अंदाज असतो, तर एसएनपीवरून मिळालेले नाव ही खात्री असते. अहवालात यांतील कोणते आहे ते पाहून घ्यावे. ‘आर१ए१ए’ अशी लांबलचक नावे वृक्षात नवी फांदी सापडली की बदलत. म्हणून आता मुख्य गटाचे अक्षर आणि शेवटच्या एसएनपीचे नाव एवढेच लिहिण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि आपल्या नोंदींतही तेच लिहावे. दोन पुरुषांचे मुख्य अक्षर वेगळे असेल तर त्यांचा समान पुरुष-पूर्वज हजारो वर्षे मागे आहे, तेव्हा अलीकडच्या नात्याचा प्रश्न तेथेच निकालात निघतो. मुख्य अक्षर एकच असल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

थोर पुरुषांशी नाते जोडण्याचा मोह येथे होतो. २००३ मध्ये संशोधकांना आशियाच्या मोठ्या पट्ट्यातील सुमारे आठ टक्के पुरुषांत एकमेकांशी अगदी जवळचा वाय समूह आढळला आणि त्याचा संबंध त्यांनी चंगीझखानाच्या वंशाशी जोडला. काळ आणि भूगोल यांवरून बांधलेले ते अनुमान आहे. चंगीझखानाचे अवशेषच सापडलेले नसल्याने त्याच्या डीएनएशी तुलना कोणीही केलेली नाही. अहवालातील ‘आपले प्रसिद्ध आप्त’ हे पान वाचताना एवढे आठवले तरी पुरे.

नववी पायरी: सलग वाचनातून शाखा बांधणे

खरा रस येथे आहे. सलग वाचनात काही एसएनपी असे निघतात की ते साठ्यात दुसऱ्या कोणातही नाहीत. त्यांना त्या माणसाचे खासगी बदल म्हणता येईल. दुसऱ्या भाऊबंदाचे वाचन आले की त्यांतील काही बदल दोघांत समान ठरतात आणि वृक्षावर नवी फांदी तयार होते. समजा, क्ष, य आणि ज्ञ या तिघांचे वाचन झाले आहे, आणि क्ष व य यांच्यात असलेला एक बदल ज्ञकडे नाही. तर क्ष आणि य यांचा समान पूर्वज ज्ञची शाखा फुटल्यानंतरचा आहे. कागदांवरून तिघांचा मूळपुरुष ठाऊक असेल, तर तो बदल मूळपुरुषानंतर आणि क्ष-य यांच्या समान पूर्वजापर्यंतच्या मोजक्या पुरुषांपैकी एकात झाला, इथपर्यंत पोचता येते. पुढे एखादा अनोळखी माणूस त्याच बदलासह साठ्यात आला, तर त्याचे कागद कोणत्या शाखेत शोधायचे ते लगेच कळते.

असे बदल सरासरीने तीन पिढ्यांत एकाच्या आसपास होतात. फांदीच्या वयाचा अंदाज वाचताना मधला आकडा न घेता दोन्ही टोके लिहून घ्यावीत; ‘सुमारे १६५०’ असे दिसले तरी त्यामागची मर्यादा १४५० ते १८०० अशी रुंद असू शकते.

दहावी पायरी: जुळणाऱ्यांना पत्र, आणि माहितीची प्रत

यादीत जुळणाऱ्या माणसाला पहिले पत्र चार ओळींचे असावे: आपला सर्वांत जुना ज्ञात पुरुष-पूर्वज, त्याचे साल व ठिकाण, दोघांमधील अंतर, आणि त्यांच्याकडील हीच माहिती देण्याची विनंती. सबंध वंशावळ जोडून पाठवली की उत्तर येत नाही. आडनावाचा किंवा हॅप्लोग्रुपचा सामुदायिक प्रकल्प असल्यास त्यात सामील व्हावे, कारण त्याचे स्वयंसेवक चालक विखुरलेले निकाल गटवार लावून ठेवतात. मुळीच कोणी जुळले नाही, तर त्याचा अर्थ त्या शाखेतील दुसऱ्या कोणी अद्याप चाचणी दिलेली नाही एवढाच होतो.

निकाल येताच मार्करांचा तक्ता, बदलांची यादी आणि मूळ फाइल उतरवून स्वतःकडे ठेवावी. अँसेस्ट्री कंपनीने २०१४ मध्ये आपली वाय चाचणी सेवा बंद केली, वायसर्च हा मोफत साठा २०१८ मध्ये बंद झाला; ज्यांच्याकडे प्रत होती त्यांचेच काम पुढे चालले.

निकाल जुळला नाही तर

सर्वप्रथम नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना हे पाहावे. शंका असल्यास त्याच माणसाचा नवा नमुना पाठवावा. मग कागदी रेषेतील कच्चे दुवे पुन्हा तपासावेत. त्यानंतर मधल्या फांद्यांवरील पुरुष निवडून तुटलेल्या जागेचा पट्टा अर्ध्यावर आणत जावे: मूळपुरुषापासून चौथ्या पिढीपर्यंत कोठेतरी दुवा तुटला असेल असे वाटते, तर दुसऱ्या पिढीत फुटलेल्या शाखेतला माणूस आधी तपासावा. अलीकडच्या दुव्यांसाठी सर्व गुणसूत्रांची साधी चाचणी उपयोगी पडते, कारण ज्यांचे पणजोबा-पणजी एक आहेत अशा दोघांत मोजण्याजोगा समान डीएनए जवळजवळ नेहमीच सापडतो. तो सापडला तर त्यांच्यामधले नाते खरे आहे आणि तुटलेला दुवा त्याहून मागे शोधायचा. संबंधित माणसाने निकाल ऐकायचा नाही असे आधी सांगितले असेल, तर तपास येथेच थांबवून नोंद बंद पाकिटात ठेवावी.